वसईची धर्मयात्रा

यात्रेचे दोन प्रकार सम्राट अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात वर्णिले आहेत. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. तीत मृगया व तत्सम करमणुकी असत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक बोधगयेस गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रेचा प्रघात पडला. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट, दानधर्म आणि ग्रामीण जनांशी संवाद, ही तिची अंगे होत. या लेखाचा एक खंडित भाग १८८२ साली सोपाऱ्यास सापडला. वसई-विरार पाहू इच्छिणाऱ्यास याहून उत्तम वाटाड्या मिळणे कठीण.

सोपारे म्हणजे महाभारतातील शूर्पारक होय. ग्रीक नाविकांसही हे बंदर परिचित होते. तेथील एका टेकाडास लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ कांस्यमूर्ती होत्या. स्तूपाची ओळख लोकस्मृतीतून समूळ पुसली गेली होती. बुरुड राजाच्या दंतकथेने तिची जागा घेतली होती.

दक्षिणेस, खाडीच्या तोंडाशी, वसईचा किल्ला उभा आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांनी येथे तटबंदी, चर्चे व मठ बांधले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. येथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांस अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच एक. पुढे अवघ्या त्रेसष्ट वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गमावले. मराठ्यांचा पराक्रम आणि त्यांची परवशता, दोन्ही एकाच गावाच्या नावाशी जोडलेली आहेत. आज तटाच्या आत पडक्या चर्चांजवळच नागेश्वराचे व वज्रेश्वरीचे देऊळ आहे.

तथापि केवळ भिंती पाहून परतणे ही विहारयात्राच झाली. निर्मळ गावी विमलेश्वराचे देवस्थान, शंकराचार्य परंपरेतील एका यतींची समाधी आणि होली क्रॉस चर्च अशी स्थाने आहेत. कार्तिकात तेथे मोठी जत्रा भरते. या परिसरातील सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती यांचे देव निराळे, परंतु घरची बोली एकच: सामवेदी, जिला कादोडीही म्हणतात. येथेच, नंदाखाल गावी जन्मलेले ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्यास हे माणसांचे नाते उमगले, त्यासच वसई उमगली.

१९५६ साली भुईगाव येथे अशोकाच्या नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. पहिल्या लाभानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी भूमीने हे दुसरे दान दिले. २००९ पासून येथे महानगरपालिका आहे. जुन्या वाड्यांच्या जागी उंच इमारती उठत आहेत आणि पायासाठी रोज भूमी खणली जात आहे. कुदळीस लागलेला कोरीव दगड रस्त्याच्या भरावात जाईल की संग्रहालयात, हे खणणाऱ्याच्या व शेजाऱ्यांच्या जाणिवेवर अवलंबून राहील. ती जाणीव घरोघरी निर्माण व्हावयाची, तर प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलांस सोपाऱ्याचा स्तूप, निर्मळचे तळे आणि वसईचा किल्ला एकदा तरी दाखवावा. आणि वाटेत भेटणाऱ्या वृद्धांशी दोन शब्द बोलण्यास विसरू नये.