शंभराला शहाण्णव

आम्ही बदलापूरच्या कात्रपमधून बोलतोय. मागच्या बैठकीला आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा कर्जाचा हप्ता आला नाही. आजवर त्यांचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. सगळ्या उठल्यावर त्या मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोबाईलवरच्या खेळात लावले. शंभराला शहाण्णव परत मिळतात असं त्यातच लिहिलंय हो. मग माझे दोन हजार गेले कुठे?"

प्रश्न बरोबर होता. त्यांना बोल लावण्यापेक्षा आम्ही वही घेऊन हिशेबाला बसलो.

हा स्लॉटचा खेळ. पडद्यावर तीन किंवा पाच पट्ट्या फिरतात, त्यांवर फळं, घंटा, हिरे. बटण दाबायचं, पट्ट्या थांबतात, सारखी चित्रं ओळीत आली की पैसे. गोव्यातल्या पंचतारांकित हॉटेलांत अशी खरी मशिनं लावायला कायद्याने १९९२ मध्ये वाट करून दिली. मोबाईलवर मशीन नाही, नुसतं चित्र आहे. बटण दाबलं त्याच क्षणी निकाल लागलेला असतो, पुढचं फिरणं ही शोभा. आणि मागच्या दहा फेऱ्या हरलात म्हणून अकरावी लागेल, असं काही नसतं.

आता ते शहाण्णव. लाखो फेऱ्यांत सगळ्यांनी मिळून जेवढे लावले, त्यातले शेकडा शहाण्णव वाटले जातात, एवढाच त्याचा अर्थ. चार मालकाचे. पण आपण परत आलेले शहाण्णव घरी नेतो का? तेच पुन्हा लावतो. त्यांतून पुन्हा शेकडा चार जातात. आम्ही शंभर चिंचोके घेऊन हे करून पाहायला बसलो, पण चिंचोक्याचे तुकडे होईनात, मग कॅल्क्युलेटर काढला. सतराव्यांदा शंभराचे पन्नास उरले.

ताई दहा रुपयांची फेरी खेळायच्या. मिनिटाला दहा फेऱ्या सहज होतात. म्हणजे तासाला सहा हजार रुपये लावले गेले! त्यांचे शेकडा चार म्हणजे दोनशे चाळीस. मुलं झोपल्यावर रोज तासभर, असे आठ-नऊ दिवस. दोन हजारांचा हिशेब लागला. हे सरासरीने हं, एखाद्या रात्रीतही सगळे जाऊ शकतात.

आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "यापेक्षा मटका बरा होता की!" (जाता जाता, कल्याण मटक्याचं नाव आपल्या शेजारच्या कल्याणवरून आलेलं नाही. १९६२ मध्ये मुंबईत तो सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्यावरून आलंय.) मटक्यात दहांपैकी एक आकडा, लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे शंभराला नव्वदच. मोबाईलचा दर त्याहून चांगला दिसतो. पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा निघायचा. दहा-दहा रुपये लावले तर दिवसाचं नुकसान सरासरी दोन रुपये. मटक्यानेही घरं बसवली, हे आपण पाहिलंय. मोबाईलवर आकडा दर सहा सेकंदांनी निघतो. दर पाहू नका, किती वेळा लावता ते मोजा.

खेळाची सजावटही ओळखून ठेवा. दहा लावले, चार मिळाले, तरी घंटा वाजते, नाणी पडतात. ताई म्हणाल्या, "मला वाटायचं, मी सारखी जिंकतेय." गेले सहा रुपये, आणि वाजंत्री जिंकल्याची! दोन हिरे येतात आणि तिसरा जरासा वर अडकतो, तेही तसंच. थोडक्यात हुकलं वाटतं, पण हिशेबात ती साधी हार.

'हजार रुपये बोनस' हा तर खास फास. खालच्या बारीक अक्षरांत असतं की पैसे काढण्याआधी बोनसच्या तीसपट रक्कम खेळा. म्हणजे तीस हजार लावा. शेकडा चारने त्यात बाराशे जातात, हजाराच्या बोनससाठी.

आणि हे शहाण्णव तरी खरे आहेत का? पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. त्यामुळे आज लिंक पाठवून जो असा खेळ देतो, तो चोरूनच देतो. त्याने लिहिलेला आकडा तपासणार कोण? 'जिंकलेले काढायचे तर आधी कर भरा' असं कोणी म्हणालं, तर एक पैसाही पाठवू नका. 'तुमचं बँक खातं वापरायला द्या, महिन्याला पैसे देतो' असं म्हणालं, तर तिथेच नाही म्हणा, कारण पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून फसवणूक झाली असेल तर न घाबरता लगेच १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

ताईंनी ॲप काढून टाकलं आणि खात्याचा यूपीआय पिन बदलला. हप्ता दोन भागांत घ्यायचं गटाने ठरवलं. पहिला भाग आलाय. चिंचोके मात्र आम्ही परत दिलेले नाहीत, पुढच्या बैठकीला शेजारच्या गटाला हाच हिशेब दाखवायचाय.