पाच बोर्डांचा भाव

सर्किट बोर्डाचं डिझाइन पुरं होतं, गर्बर फाइल निघतात, आणि मग विचारणा सुरू होते: पाच नग करायचेत, स्वस्तात कोण देईल? भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांसाठी मी बोर्ड डिझाइन करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून तर हमखास. माझं उत्तर ठरलेलं आहे: हे फार उशिरा विचारलंत. पाच बोर्डांचा निम्मा भाव डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावरच ठरून गेलेला असतो.

बोर्ड पाच करा नाहीतर पन्नास, कारखान्याला सुरुवातीची तयारी तेवढीच करावी लागते. फाइल तपासायची, फिल्म काढायची, ड्रिलचा प्रोग्रॅम बसवायचा, मास्किंगची आणि लेजंडची तयारी करायची. कोटेशनमध्ये हे सगळं ‘टूलिंग’ म्हणून वेगळ्या ओळीत येतं, आणि थोड्या नगांच्या कामात बोर्डांपेक्षा टूलिंगच जड होतं. शेन्झेनच्या जेएलसीपीसीबीसारख्या कारखान्यांनी हा खर्च वाटून टाकला. एका मोठ्या पॅनलवर अनेक गिऱ्हाइकांचे बोर्ड शेजारीशेजारी बसवायचे, सगळ्यांचं ड्रिलिंग एकदाच, प्लेटिंग एकाच टाकीत, शेवटी कापून ज्याचं त्याला. दोन थरांचे, 100 बाय 100 मिलिमीटरपर्यंतचे पाच बोर्ड दोन डॉलरला, ही त्यांची गाजलेली जाहिरात यातूनच आली. अमेरिकेत ऑरेगनमधली ओश पार्क हेच करते. तिथे चौरस इंचावर दर असतो, नग तीनच्या पटीत मिळतात, आणि तिचे जांभळे बोर्ड या धंद्यातला कुणीही लांबून ओळखतो.

ही शेअर रिक्षा आहे. ठरलेल्या रस्त्यावर उतरणार असाल तर भाडं नाममात्र. गल्लीत वळवा म्हणालात की स्पेशल. ठरलेला रस्ता म्हणजे एफआर-4, जाडी 1.6 मिलिमीटर, तांबं 35 मायक्रॉन, ट्रॅक साधारण 0.15 मिलिमीटरच्या खाली नाहीत, ड्रिल 0.3 मिलिमीटरच्या खाली नाही. यातली एक गोष्ट बदलली की बरेचदा तुमचा बोर्ड सामाईक पॅनलमधून बाहेर पडतो आणि टूलिंगचा सगळा भार एकट्या तुमच्यावर येतो. मोटर ड्रायव्हरच्या एका कामात गिऱ्हाइकाला 70 मायक्रॉन तांबं हवं होतं. आम्ही ट्रॅक रुंद केले, तोच ट्रॅक खालच्या थरावरही ओढला, दोन्ही थर व्हायांच्या रांगेने जोडले. तापमान मोजलं, ते मर्यादेत राहिलं, आणि काम 35 मायक्रॉनमध्येच भागलं. कारखानदाराशी घासाघीस करून एवढी बचत कधीच झाली नसती.

आता बोर्ड कसा येतो त्याकडे. हे समजून घ्यायचं असेल तर एकदा तरी कारखान्याच्या ड्रिलिंग विभागात उभं राहावं. लॅमिनेटच्या दोन-तीन शीट एकावर एक पिनांनी घट्ट बसवतात. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, म्हणजे बिट घसरत नाही; खाली वाया घालवायचा बोर्ड असतो. बारीक बिट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. ठरावीक भोकं पाडून झाली की मशीन बिट बदलतं, आणि ही संख्या प्रत्येक कारखाना आपापली ठरवतो. बिट जास्त ताणला, म्हणजे बोथट झाल्यावरही चालवला, तर भोकाची भिंत खरबरीत होते आणि तिच्यावर राळ माखते. पुढे याच भिंतीवर तांबं चढायचं असतं, सरासरी 20 मायक्रॉनच्या आसपास. बोर्ड तापला की एफआर-4 जाडीच्या दिशेने फुगतं आणि या तांब्याच्या नळीला ताणतं. थर पातळ किंवा तुटक असेल तर तो तिथे चिरतो. गार झाल्यावर चीर पुन्हा टेकते, आणि मीटर लावला तर सगळं ठीक दिसतं. एका कारखान्याच्या बोर्डांनी आमच्या एका गिऱ्हाइकाला असं हैराण केलं होतं: टेबलावर चालू, कंट्रोल पॅनलमध्ये बसवून तासभर झाला की बंद. फर्मवेअर लिहिणारा मुलगा बिचारा रात्ररात्र कोड तपासत बसला. मला तेव्हा खरा राग आला तो त्या मुलाच्या फुकट गेलेल्या मेहनतीचा. प्रोटोटाइपच्या बोर्डावर संशय घ्यावा लागणं यासारखा महाग प्रकार नाही.

म्हणून नव्या कारखान्याचा पहिला बोर्ड आला की मी आधी भिंगाखाली धरतो. पाहायचं ते व्हायाचं भोक पॅडच्या मध्यभागी आहे का. पॅड 0.6 आणि ड्रिल 0.3 मिलिमीटर असेल तर कडं सगळीकडे 0.15 मिलिमीटरचं उरायला हवं. भोक 0.1 सरकलं की एका बाजूला जेमतेम 0.05 उरतं, आणि हे डोळ्यांना लगेच कळतं. सगळी भोकं एकाच दिशेला सरकलेली दिसली तर फिल्म आणि ड्रिल यांचं जुळणं बिघडलंय. मग आयसीच्या पायांमधल्या मास्किंगच्या पट्ट्या. 0.5 मिलिमीटर पिचच्या आयसीत त्या जागेवर असतील, कडा तुटलेल्या नसतील, तर त्या कारखान्यात काम मनापासून होतं असं मी धरून चालतो. लेजंडची अक्षरं थोडी फिकी असली तर मी सोडून देतो.

बेअर बोर्ड टेस्टिंग मात्र सोडत नाही. आपल्याकडे त्याला ‘बीबीटी’ म्हणतात आणि काही ठिकाणी वेगळे पैसे लावतात. थोड्या नगांना फिक्श्चर परवडत नाही, तिथे फ्लाइंग प्रोबची सुई एकेक नेट तपासते. कोटेशनची तुलना करताना दोन्हींत बीबीटी धरलंय का, हे आधी बघावं.

आणि दोन डॉलर हे दोन डॉलर राहत नाहीत. कुरिअर बोर्डांच्या कितीतरी पट पडतं. मग केवायसी, कस्टम ड्यूटी, आयजीएसटी, कुरिअर कंपनीची स्वतःची फी. सर्किट बोर्ड एचएसएन 8534 मध्ये येतात, जीएसटी 18 टक्के. नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळतं. विद्यार्थ्याच्या खिशातून ते गेलं ते गेलं. त्यामुळे मुलांना मी सांगतो, चार मित्रांचे बोर्ड एकाच खोक्यात मागवा, नाहीतर गांधीनगरची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स यांचे दर काढा आणि दाराशी येऊन पडणारी रक्कम ताडून बघा. सिंगल साइडचा साधा बोर्ड असेल तर जवळच्या छोट्या कारखान्याइतकं सोयीचं काही नाही.

मी स्वतः कामाची वाटणी करतो. डिझाइन ओळखीचं असेल, आधीच्या बोर्डात किरकोळ बदल असेल, तर सामाईक पॅनल. बोर्ड नव्या प्रकारचा असेल तर पहिली खेप जवळच्या कारखान्यात, तिथला दर जास्त असूनही. तिथे कॅमवर बसणाऱ्या ताई फाइल नुसती मशीनला लावत नाहीत, वाचतात. परवा त्यांचा फोन आला, “सर, कोपऱ्यातले चारही माउंटिंग होल प्लेटेड दाखवलेत. अर्थिंगला हवेत की नुसते स्क्रूसाठी? स्क्रूसाठीच असतील तर प्लेटिंग काढते.” ते चॅसिसच्या अर्थिंगलाच हवे होते. मी तसं सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, “मग तिथलं मास्किंग उघडं ठेवू ना? वॉशर मोठा असेल तर तुमची रिंग कमी पडेल.” वॉशर आठ मिलिमीटरचा होता, रिंगही तेवढीच. आम्ही ती नऊची केली, आणि फाइल पुढे गेली.