पिकअपला मोठे टायर? आधी हिशेब करा

पावसाळी टोमॅटोची तोडणी सुरू झाली, की ऑगस्ट-सप्टेंबरात निफाड-दिंडोरीकडून पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागते. काळी जमीन, चिखलाची पाणंद. गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवा. मग कुणीतरी सल्ला देतो, "मोठ्या डिस्क अन् रुंद टायर टाका, गाडी उंच होईल, मालही जास्त बसेल." शेतकरी बंधूंनो, पैसे मोजण्याआधी थोडा हिशेब करू.

टायरच्या बाजूवर 215/75 आर 15 असे आकडे असतात. 215 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, 75 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के आणि 15 हा डिस्कचा व्यास इंचात. या टायरचा पूर्ण व्यास सुमारे 704 मि.मी. भरतो. त्याऐवजी 235/75 आर 15 टाकला तर होतो 734. फरक 30 मि.मी.चा; पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे अवघी दीड सेंटिमीटर! वीतभर खोल चाकोरीत तेवढ्याने काय साधणार?

बदल्यात काय जाते तेही पाहा. मीटरवर 60 दिसत असताना गाडी प्रत्यक्षात 62-63 ने धावते. मोठे चाक ओढताना चढावर क्लच प्लेटवर ताण येतो, डिझेल वाढते. ब्रेक मात्र तेवढेच राहतात. भरलेली गाडी वळवताना टायर मडगार्डला घासला, तर तो कापला जाण्याची भीती.

माल जास्त बसतो हा तर निव्वळ गैरसमज. किती भार न्यायचा ते चेसिस, पाटे, अ‍ॅक्सल आणि ब्रेकवर ठरते व आरसी बुकात लिहिलेले असते. टायर बदलून तो आकडा बदलत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भाराला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार रुपये दंड आहे. कंपनीने ठरवलेल्या मापाबाहेर गाडीत फेरफार केला, तर कलम 52 आडवे येते आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

मग करावे काय? माप गाडीच्या पुस्तकात दिलेलेच ठेवा. मापापुढचा भारांक बघा : 104 म्हणजे एका टायरला 900 किलो, 108 म्हणजे 1000 किलो. पुस्तकात आहे त्यापेक्षा कमी भारांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चिखलाची वाट असेल तर मागे खोल नक्षीचे टायर बसवा. बाजूवरचे शेवटचे चार आकडे तपासा. 3224 म्हणजे 2024 सालच्या 32 व्या आठवड्यातला माल. हवा टायर गार असताना, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे भरा. नक्षी 1.6 मि.मी.वर आली की टायर बदलाच.

आणि ओल्या वावरात भरलेली पिकअप घालूच नका. गाडी रुतते ती रुततेच, शिवाय जमीन दाबली जाऊन पुढच्या पिकाच्या मुळांना त्रास होतो. क्रेट बांधापर्यंत आणून तिथेच भरा.

खरे दुखणे टायरचे नाही, वाटेचे आहे. पाणंद रस्त्यांसाठी राज्यात 2021 साली रोजगार हमीच्या जोडीने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली होती. सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी पाणंदीचा विषय पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत घेऊन ठराव पुढे पाठवावा. एकाच्या गाडीला मोठे टायर लागण्यापेक्षा पाणंदीवर मुरूम पडला, तर सगळ्या शिवाराचा माल वेळेवर बाजारात पोचेल.