पट्टी हरवलेली जुनी गाडी

कुरुंदवाड, नृसिंहवाडी, शिरोळ या नदीकाठच्या पट्ट्यात जुनी फियाट, अँबेसिडर किंवा पेट्रोलची विलीज जीप विकायला निघाली, की सौदा बहुधा एका वाक्यापाशी अडतो: कागद आहेत, इंजिन फिरतं, फक्त कंपनीची पट्टी तेवढी नाही. किंमत त्यामुळे थोडी उतरलेली असते आणि घेणाऱ्याला मोह होतो. सल्ला मात्र दोन टोकांचा मिळतो. गॅरेजवाला म्हणतो, पट्टीचं काय, नवी करून लावू. सावध नातेवाईक म्हणतात, असल्या गाडीला हातसुद्धा लावू नको. माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पट्टी नसलेली गाडी घ्यायला हरकत नाही. मात्र धातूत ठोकलेला नंबर आणि आरटीओतली नोंद जुळल्याशिवाय ती घेऊ नये, आणि हरवलेली पट्टी नव्याने कधीही घडवू नये.

कंपनीची पट्टी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा छोटा पत्रा. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, चेसिस नंबर, कधी इंजिन नंबरही असतो आणि हा पत्रा रिव्हेटने बसवलेला असतो. बहुतेक गाड्यांत ही पट्टी नंबराची दुसरी प्रत असते. मूळ नंबर पंच मारून गाडीच्या धातूतच उमटवलेला असतो. जीपला शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असते. फियाट ११०० आणि अँबेसिडर यांना तशी वेगळी चेसिस नसते, तिथे बॉडीचा सांगाडा हीच चेसिस, म्हणून नंबरही बॉडीच्याच पत्र्यात असतो. खरेदीदाराने हा फरक नीट समजून घ्यायला हवा. कुजलेला पत्रा कापून नवा जोडताना मिस्त्रीने नंबर असलेला तुकडाच काढून टाकला, तर पट्टी जागेवर असूनही गाडीची ओळख गेलेली असते. उलट पट्टी नाही पण पंच केलेला नंबर शाबूत आहे, अशी गाडी बऱ्याच भक्कम पायावर उभी असते.

पट्टी जाण्याची कारणं पुष्कळदा निष्पाप असतात. रंगकामाच्या वेळी रिव्हेट तोडून पट्टी काढली जाते, डब्यात ठेवली जाते आणि डबाच हरवतो. आपल्या भागात त्यात पुराची भर पडते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. दिवसेंदिवस पाण्यात राहिलेल्या गाडीत पोकळ भागांमध्ये गाळ बसतो आणि पाणी ओसरल्यावरही पत्रा आतून गंजत राहतो. रिव्हेट सुटतात. घरातल्या कपाटात ठेवलेल्या आरसी बुकाचा लगदा होतो. अशा घरातल्या माणसाकडे पट्टी नाही, कागद नाही म्हणून त्याला चोर समजणं अन्यायाचं आहे.

अडचण अशी, की चोरीची गाडीही बाहेरून अगदी तशीच दिसते. आपल्या देशात गाडीचोरांची एक जुनी पद्धत आहे. अपघातात किंवा पुरात संपूर्ण निकामी ठरलेली गाडी विम्याच्या भंगारातून कागदांसकट विकत घ्यायची, तिचा नंबराचा तुकडा कापून त्याच मॉडेलच्या चोरलेल्या गाडीत जोडायचा आणि तिचे खरे कागद खोट्या गाडीला लावायचे. त्यामुळे आरसी खरी असणं एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. नंबराभोवती वेल्डिंगची रेघ आहे का, पुट्टी भरली आहे का, अक्षरांची खोली आणि ओळ सारखी आहे का, हे बघावं लागतं. नंबर कानशीने घासून काढला तरी तो पुरता जात नाही. पंच बसताना अक्षराखालचा धातू दाबला जातो आणि तो दाब पृष्ठभागाच्या खालपर्यंत पोचतो. न्यायसहायक प्रयोगशाळेत आम्लाची प्रक्रिया केली की पुसलेला आकडा अनेकदा पुन्हा दिसू लागतो. रिव्हेटच्या पट्टीत असा पुरावा नसतो. ती पाच मिनिटांत निघते आणि पाच मिनिटांत दुसऱ्या गाडीवर बसते. म्हणूनच पट्टीपेक्षा पंचाचं वजन जास्त.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका आपल्याकडे सर्वाधिक हौसेने घेतल्या जाणाऱ्या गाडीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकी भारतात राहिलेल्या अनेक जीप लष्करी विक्रीतून खासगी हातांत गेल्या. फोर्डने आपला नंबर डाव्या बाजूच्या फ्रेमच्या वरच्या अंगावर थेट पंच केला. विलीजने मात्र अनुक्रमांक डाव्या फ्रेमच्या पुढच्या टोकाला, आतल्या बाजूने रिव्हेट केलेल्या पट्टीवर ठेवला. म्हणजे विलीजच्या बाबतीत फ्रेमवरची पट्टी हरवणं ही किरकोळ गोष्ट राहत नाही. त्यात इंजिनाचा गोंधळ आहेच. विलीजमध्ये फ्रेमचा आणि इंजिनाचा नंबर कारखान्यातून निघतानाही एकच नसे, फोर्डमध्ये तो मुळात एकच असे. वर आपल्याकडे पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवण्याची चाल अनेक वर्षं होती, त्यामुळे इंजिन नंबर साक्षीला उभा राहीलच याची खात्री नाही. डॅशबोर्डावरच्या माहितीपट्ट्या तर जगभर नव्या बनवून विकल्या जातात आणि त्या शोभेपुरत्या चालतात. पण फ्रेमवरची पट्टी नसलेली विलीज घ्यायची असेल, तर जुन्या नोंदींची साखळी इतर कुठल्याही गाडीपेक्षा घट्ट हवी. ती नसेल तर माझ्या मते ही जीप सुट्या भागांच्या भावानेच घ्यावी.

नोंदींची साखळी जोडताना या भूभागाचा इतिहास आडवा येतो. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं संस्थान, १८५४ मध्ये थोरली पाती आणि धाकटी पाती असं विभागलेलं. दोन्ही पात्या मार्च १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्या, कोल्हापूर संस्थान वर्षभराने, मार्च १९४९ मध्ये. संस्थानी काळात अनेक संस्थाने मोटारींना आपापले नंबर देत. मग मुंबई राज्याची नोंदणी आली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ जुलै १९८९ पासून नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर राज्याची अक्षरं आणि जिल्ह्याचा आकडा अशी सध्याची पद्धत सुरू झाली. म्हणून १९५५ सालच्या गाडीवर एमएच-०९ दिसला तर तिची मधली एक तरी पुनर्नोंदणी झाली आहे, हे ओळखावं आणि आधीचा नंबर विचारावा. शिवाय चिक्कोडी, निपाणी, बेळगाव जवळच. सीमेपलीकडच्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि त्या अर्जावर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट द्यावी लागते. नंबरच सापडत नसेल तर प्रकरण तिथेच थांबतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४५ नुसार आधीच्या नोंदणीचा तपशील दिला नाही किंवा चुकीचा दिला, तर अधिकारी नोंदणी नाकारू शकतो. वंशपरंपरेने एकाच घरात राहिलेल्या गाडीचं मोल यासाठीच वेगळं असतं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराणं ज्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतं, त्या मोटारीची ओळख पटवायला कुणाला पट्टी बघावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो कारागिरीचा. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत पिस्टनपासून गिअरपर्यंत काय बनत नाही? मग एक पत्र्याची पट्टी बनवली तर बिघडलं कुठे? बंपर, हँडल, दिव्याची कडी नव्याने घडवणं हा त्या कारागिरांच्या कौशल्याचा गौरवच आहे. पण नंबर हा सुटा भाग नव्हे, ती साक्ष आहे. हरवलेल्या साक्षीच्या जागी आपणच लिहिलेली साक्ष ठेवली, की उरलेले खरे पुरावेही संशयात जातात. गंजलेला नंबर पुन्हा पंच करायचाच असेल, तर तो आरटीओच्या परवानगीने आणि नोंदीत लिहून. अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या एका हौशी माणसाने १९५९ ची कॉर्व्हेट विकत घेतली होती. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी तिची नंबरपट्टी काढून पुन्हा बसवली होती. गाडी चोरीची नव्हती, तरी २०१७ मध्ये पोलिसांनी ती जप्त केली. २०२२ मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला, त्यानंतर गाडी मालकाला परत मिळाली. तिथे तर पट्टी मूळचीच होती.

दुसरा आक्षेप: गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, प्रदर्शनापुरती ठेवायची आहे, व्हिंटेजच्या नियमात बसवू. जुलै २०२१ मध्ये केंद्राने हे नियम केले खरे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकींना ते लागू आहेत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला व्हीए मालिकेतला मिळतो. पण अर्जासोबत भारतात नोंदलेल्या गाडीचं जुनं नोंदणीपत्र मागितलं आहे, आणि गाडी तपासायला राज्याची समिती आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी व्याख्येतच बसत नाही. म्हणजे हा नियम ओळखीची अट सैल करत नाही, उलट घट्ट करतो.

विकणारा ओळखीचा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, असंही म्हटलं जातं. माणूस प्रामाणिक असेलही. पण त्यानेच वीस वर्षांपूर्वी ती गाडी कुणाकडून घेतली, हे त्याला तरी पुरतं माहीत असतं का? १९३० च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून जास्त हक्क तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. काही मोजके अपवाद सोडले तर मूळ मालक सापडल्यास गाडी त्याची. आणि संशयाला जागा असतानाही डोळे मिटून माल घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ चा प्रश्न उभा राहू शकतो.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो शेवटचा आक्षेप. इतकं कडक धोरण ठेवलं, तर पुरात कागद गेलेल्या प्रामाणिक घरांच्या गाड्या भंगारात जातील आणि एक वारसा कायमचा वितळेल. ही भीती खरी आहे. पण उपाय खोट्या पट्टीत नाही. ब्रिटनमध्ये ज्या गाडीचं वय किंवा ओळख सिद्ध होत नाही, तिला तपासणीनंतर क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो. गाडी जगते, आणि घेणाऱ्या प्रत्येकाला नंबरावरूनच कळतं की हिची ओळख अपुरी आहे. किंमत कमी येते, फसवणूक होत नाही. पूरग्रस्त तालुक्यांचा विचार करून आपल्या परिवहन खात्यानेही अशी स्पष्ट सोय करावी, अशी माझी मागणी आहे.

तोवर घेणाऱ्याने पैसे देण्याआधी गाडी धुऊन, गंज हलक्या हाताने काढून नंबर शोधावा आणि त्याची पेन्सिल प्रिंट घ्यावी. ती आरसीशी आणि आरटीओतल्या नोंदीशी ताडून पाहावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून गाडी चोरीच्या यादीत नाही ना, याचा अहवाल काढता येतो, तोही काढावा. पट्टी नसल्याचं करारात स्पष्ट लिहावं आणि मोठी रक्कम नाव लागल्यावरच द्यावी. ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी उभी आहे, त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी पट्टीचे, पंच केलेल्या नंबराचे आणि आरसीच्या प्रत्येक पानाचे स्वच्छ फोटो काढून एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावी.