पाच पिनांचा रिले

मे महिना. दुपारचे अडीच वाजलेत. कर्वेनगरच्या उड्डाणपुलापासून जरा आत, गल्लीच्या तोंडाशी ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर आणि आत एक मांडणी. काम सगळं रस्त्याच्या कडेला. तीन रिक्षा, एक टेम्पो आणि एक जुनी मोटार रांगेत आहेत. डांबर तापलंय. चपलेतून चटका लागतोय.

"काका, सेल्फ मारत नाही."

"थांबा जरा. टेम्पो होऊ दे."

काका टेम्पोच्या तोंडात वाकलेत. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीला, टोक फ्यूजला. दिवा पेटतो. फ्यूज ठीक आहे. टोक हॉर्नच्या वायरीला. दिवा पेटत नाही. ते एक काळा ठोकळा उपसतात, मांडणीवरचा दुसरा त्याच जागी दाबतात. बटण दाबलं की टक् आवाज येतो आणि पाठोपाठ हॉर्न. पुढच्या रिक्षावाल्याची झोप उडते.

"रिले गेला होता," काका म्हणतात आणि जुना माझ्या हातात देतात.

इंचभराचा ठोकळा. अजून कोमट आहे. उलटा केला की खाली पाच पिना दिसतात. प्रत्येकीशेजारी बारीक आकडा: 30, 85, 86, 87, 87ए. 85 आणि 86 मध्ये कॉइल. 30 ला सप्लाय येतो, 87 मधून पुढे जातो. काकांना हे आकडे बघावे लागत नाहीत. त्यांना टक् पुरतं.

नवा रिले वरच्या मजल्यावरून आलाय. मी जिना चढतो.

वर सुटे भाग आयात करणाऱ्या शेठचं दोन खोल्यांचं ऑफिस. कूलर चालू आहे, पण हवा दमटच. बाहेरच्या खोलीत खोक्यांची चळत, आतल्या खोलीत दोन टेबलं. एका टेबलावर नमुन्यांचा ट्रे: हॉर्न, हेडलाइट, सुटा बल्ब, सेल्फ, वायरिंगची गुंडाळी आणि तसाच एक रिले, प्लास्टिकच्या पिशवीत. शेजारी सीमाशुल्क टॅरिफचं जाड पुस्तक, पानोपानी रंगीत चिठ्ठ्या. शेठ खुर्चीत बसून फोन बघताहेत. कंटेनर न्हावा शेव्याला उतरलाय. मोकळे दिवस मोजके असतात, त्यानंतर डेमरेज सुरू. त्यांचा पाय सारखा हलतोय.

कस्टम्सचं काम बघणाऱ्या मॅडम एकेक वस्तू उचलतात, तिचं टॅरिफमधलं हेडिंग सांगतात. समोरचा मुलगा चेकलिस्टमध्ये भरतो.

"सेल्फ."

"सेल्फ नको लिहूस. स्टार्टर मोटर. 85.11."

हॉर्न 85.12. वायरिंगचा संच 85.44, पुढे आठ आकड्यांपर्यंत 8544 30 00. हेडलाइट 85.12, पण त्यातला बल्ब सुटा आला तर 85.39. पहिले सहा आकडे जगभर सारखे, शेवटचे दोन आपल्या देशाचे. मुलगा भराभर टाइप करतो. हे रोजचं आहे.

मग रिले हातात येतो आणि हात थांबतो.

"हा गाडीचाच पार्ट आहे ना?" शेठ विचारतात. "मग 87.08 का नाही? गाड्यांचे पार्ट तिथेच."

मॅडम पुस्तक उघडतात. सतराव्या विभागाच्या सुरुवातीच्या टिपा. पानाची कड हात लागून लागून काळवंडलीय. दुसरी टीप त्या बोट ठेवून वाचतात: विजेची यंत्रसामग्री आणि उपकरणं या विभागातले सुटे भाग धरायची नाहीत, मग ती गाडीसाठी आहेत हे ओळखू येत असलं तरी. म्हणून प्रकरण 85. रिले 85.36.

"पण तो रेल्वेचा निकाल?"

तोही त्यांना पाठ आहे. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे सिग्नलमधले रिले 85.36 मधून काढून 86.08 मध्ये, म्हणजे सिग्नल यंत्रणेच्या भागांत बसवले. वापर फक्त तिथलाच, म्हणून. त्यानंतर गाड्यांच्या पार्टबद्दलही तोच मुद्दा पुढे येऊ लागला. 5 जानेवारी 2022 ला सीमाशुल्क अधिकाऱ्यांसाठी सूचना निघाली: एकाच निकालावर जाऊ नका, विभागाच्या टिपा, स्पष्टीकरणं, बाकीचे निकाल, सगळं तपासा.

मी पिनांकडे बघतो. 85, 86, 87. वीज, रेल्वे, मोटार. पुस्तकातली ती तीन प्रकरणं या ठोकळ्याच्या तळाशी शेजारी शेजारी छापलेली आहेत. निव्वळ योगायोग आहे, पण नजर तिथून हटत नाही.

फरक पैशांत किती, ते मुलगा कॅल्क्युलेटरवर दाखवतो. 87.08 ला जीएसटी 28 टक्के होता, रिलेला 18. दहा लाखांच्या मालावर लाखाहून जास्त तफावत. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टना सरसकट 18 टक्के झाला. ही गाठ सुटली, आणि फार आधी सुटायला हवी होती. मूळ सीमाशुल्क मात्र अजून हेडिंग बघूनच ठरतं. जुनी बिलंही मिटलेली नाहीत. माहिती दडवली असा ठपका आला तर पाच वर्षं मागे जाऊन वसुली निघू शकते. शेठच्या टेबलाखाली तशा फायलींचा गठ्ठा आहे.

"वर्णन वाच," मॅडम म्हणतात.

"ऑटो रिले."

"एवढंच? बघणाऱ्याला काय कळणार?"

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 2020 पासून तपासणी फेसलेस झालीय. माल न्हावा शेव्याला असला तरी बिल दुसऱ्याच शहरातल्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर उघडू शकतं. त्या माणसाच्या हातात हा ठोकळा नसतो. त्याला तो टक् ऐकू येत नाही. त्याच्यापुढे असते ती एक ओळ आणि जोडलेला कॅटलॉग. त्या ओळीत वस्तू नीट उतरली नाही, की क्वेरी येते. उत्तर जाईपर्यंत दिवस मोजायचे.

मुलगा ओळ खोडतो, पुन्हा लिहितो. विद्युतचुंबकीय रिले. 12 व्होल्ट. मॅडम पिशवी उघडून रिले उजेडाकडे धरतात, बाजूला छापलेलं वाचून दाखवतात. 40 अँपिअर. पाच पिना. मोटारगाडीच्या हॉर्न आणि हेडलाइटच्या सर्किटसाठी.

"मॉडेल नंबर?"

तो इतका बारीक आहे की मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. मुलगा एकेक अक्षर बोलत टाइप करतो. मॅडम मागे उभ्या राहून पडद्यावर जुळवून बघतात. एक आकडा चुकलाय. तो बदलतो.

चेकलिस्ट शेठच्या फोनवर जाते. ते चष्मा लावतात, खालपर्यंत वाचतात, पुन्हा वर जातात. पाय आता हलत नाही.

"ठीक आहे. टाका."

बिल ऑफ एंट्री दाखल होते. नंबर येतो. मुलगा तो एका चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी पिशवीत घालतो आणि पिशवी ट्रेमध्ये ठेवतो. खाली रिक्षाचा सेल्फ एकदा कुरकुरतो, थांबतो, पुन्हा कुरकुरतो.