छोट्या संगणकावरील हवामान-नोंद : बिघाड शोधावा कसा?

तालुक्याच्या ठिकाणी एक पर्जन्यमापक आणि त्याच्या आकड्यावरून साऱ्या तालुक्याच्या पावसाचा अंदाज, ही पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली. तालुक्याच्या एका टोकाला नाले दुथडी भरून वाहत असताना दुसऱ्या टोकाला पेरणी खोळंबलेली असते, हे ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांना सांगावयास नको. २०१७ मध्ये ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यास प्रारंभ झाला, तो ही उणीव दूर करण्यासाठी. पुढे २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘विंड्स’ या कार्यक्रमाद्वारे स्वयंचलित पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी समजण्यात येते आणि पिकांच्या नुकसानीचा पुढील विचार होतो. आकड्याला एवढे महत्त्व आल्यावर तो आकडा येतो कोठून, आणि कधीकधी येईनासा का होतो, याविषयी गावपातळीवर कुतूहल निर्माण होणे स्वाभाविक आहे.

हे कुतूहल शमविण्याचा एक मार्ग म्हणजे शाळेच्या आवारात वा ग्रामपंचायतीच्या इमारतीवर स्वतःचे लहानसे हवामान केंद्र चालविणे. अशा केंद्राचा आकडा शासकीय केंद्राच्या आकड्याची जागा घेऊ शकत नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. परंतु विद्यार्थ्यांना निरीक्षणाची शिस्त लागावी आणि गावाला आपल्या शिवारातील पावसाचा मागोवा राहावा, यासाठी ते निश्चितच उपयोगी पडते. अडचण उद्भवते ती पुढे. केंद्र उत्साहाने बसविले जाते, दोन-तीन आठवडे आकडे व्यवस्थित येतात, आणि एके दिवशी नोंद थांबते. बहुधा हा दिवस ऐन पावसाचाच असतो, कारण वीज जाणे, ओलावा शिरणे आणि तार सैल होणे या गोष्टी त्याच दिवशी घडतात.

अशा केंद्राची रचना

जगभरातील हौशी निरीक्षकांच्या हाती वर्षानुवर्षे असलेले ‘डब्ल्यूएच-१०८०’ या जातीचे केंद्र उदाहरणादाखल घेऊ. ते निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकले गेले. त्याचा बाहेरचा भाग खांबावर असतो. त्यात वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या, दिशा दाखविणारा बाण, तापमान व आर्द्रता मोजणारे संवेदक आणि पर्जन्यमापक ही उपकरणे असतात. पर्जन्यमापकात एक डुलते जोडपात्र असते. एका बाजूत ०.३ मिलिमीटर पावसाइतके पाणी साचले की ते कलंडते, दुसरी बाजू वर येते, आणि प्रत्येक कलंडण्याची मोजदाद होते. याचा अर्थ ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे या पात्राचे सुमारे २१७ वेळा कलंडणे होय.

बाहेरचा भाग दर ४८ सेकंदांनी आपली माहिती बिनतारी लहरींनी घरातील दर्शकपेटीकडे धाडतो. हवेचा दाब मोजणारा संवेदक या पेटीतच असतो. पेटीच्या स्मृतीत ४,०८० नोंदी मावतात. दर अर्ध्या तासाला एक नोंद ठेवली तर ८५ दिवसांची, आणि दर पाच मिनिटांना ठेवली तर अवघ्या १४ दिवसांची माहिती तीत राहते. त्यानंतर जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात. म्हणून ही माहिती वेळीच बाहेर काढून घ्यावी लागते. त्यासाठी पेटीला यूएसबी तारेने संगणक जोडतात. मोठा संगणक रात्रंदिवस चालू ठेवणे परवडत नाही. तळहाताएवढ्या एकाच पाटीवर सर्व भाग बसविलेला छोटा संगणक येथे कामास येतो. ‘रास्पबेरी पाय’ हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तो इंग्लंडमध्ये तयार झाला व २०१२ मध्ये बाजारात आला. मुलांनी संगणकाची भाषा शिकावी हा त्यामागील मूळ हेतू होता. पेटीतील नोंदी वाचून त्यांचे तक्ते व आलेख काढणाऱ्या ‘पायडब्ल्यूडब्ल्यूएस’ व ‘वीवेक्स’ यांसारख्या संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत.

दुवा कोठे तुटला?

खांब, लहरी, पेटी, तार, संगणक, मेमरी कार्ड अशी ही साखळी आहे. बिघाड झाल्यावर पुष्कळदा थेट संगणकप्रणालीच पुन्हा बसविण्याचा खटाटोप केला जातो आणि त्यात जुन्या नोंदीही पुसल्या जातात. हा मार्ग सर्वस्वी चुकीचा आहे. प्रथम दर्शकपेटीच्या पडद्याकडे पाहावे. पडद्यावर बाहेरच्या तापमानाच्या जागी आडव्या रेघा दिसत असतील, तर संगणकाचा काहीच दोष नाही. बाहेरच्या भागातील बॅटऱ्या उतरल्या असाव्यात, किंवा पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट वा सिमेंट-काँक्रीटची भिंत लहरींच्या वाटेत आली असावी. पेटी खिडकीजवळ सरकविण्यानेच अनेकदा काम भागते.

पडद्यावर आकडे ठीक असून संगणकाकडे ते येत नसतील, तर लक्ष तारेकडे वळवावे. संगणकावर एल-एस-यू-एस-बी ही अक्षरे टाइप केली असता जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी येते. तीत १९४१:८०२१ हा क्रमांक दिसला म्हणजे तार शाबूत आहे व संगणकाने पेटी ओळखली आहे, असे समजावे. या क्रमांकापुढे हवामान केंद्राच्या बरोबरीने ‘क्षेपणास्त्र सोडणारे खेळणे’ अशा अर्थाचेही शब्द दिसले तर घाबरून जाऊ नये! टेबलावरच्या एका खेळण्यालाही हाच क्रमांक मिळालेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. क्रमांक मुळीच दिसत नसेल तर दुसरी, शक्यतो आखूड तार लावून पाहावी. क्रमांक दिसतो, पण प्रणाली ‘परवानगी नाही’ असे सांगत असेल, तर सामान्य वापरकर्त्याला ते उपकरण वाचण्याची मुभा देणारा नियम संगणकात लिहावा लागतो. प्रणालीच्या माहितीपत्रकात तो तयार दिलेला असतो.

गोठलेली पेटी

या जातीच्या केंद्राचा सर्वांत त्रासदायक बिघाड निराळाच आहे. पेटीचा पडदा व्यवस्थित चालतो, तार नवी असते, आणि तरीही काही दिवसांनी वा आठवड्यांनी पेटी संगणकाला उत्तर देईनाशी होते. संगणक बंद करून चालू केल्याने काहीही फरक पडत नाही. पेटी बाहेरच्या भागाकडून माहिती घेत असताना किंवा स्मृतीत नोंद लिहीत असताना नेमक्या त्याच क्षणी संगणकाने वाचनाची मागणी केली, तर हा प्रकार उद्भवतो, असे अनेक देशांतील वापरकर्त्यांना अनुभवान्ती आढळून आले. बँकेत कारकून खतावणी लिहीत असताना मधूनच पासबुक पुढे सरकवावे, तसे हे होते. फरक इतकाच की कारकून थांबा म्हणतो, ही पेटी मात्र गप्प बसते.

यावर तात्पुरता उपाय एकच. पेटीतील बॅटऱ्या काढाव्यात आणि यूएसबी तारही काढावी. पेटीला तारेतूनही वीज मिळत असल्याने केवळ बॅटऱ्या काढून उपयोग होत नाही. थोडा वेळ थांबून दोन्ही पुन्हा जोडावे आणि बाहेरच्या भागाशी संपर्क होईपर्यंत पेटीच्या कळांना हात लावू नये. कायमचा उपाय प्रणालीत आहे. पेटी केव्हा ऐकते व केव्हा लिहिते याचा ठोका ओळखून मधल्या मोकळ्या क्षणीच वाचन करण्याची सोय दोन्ही प्रणालींत केलेली आहे. ती चालू आहे ना, हे केंद्र सुरू करतानाच पाहून घ्यावे.

वीज आणि घड्याळ

ग्रामीण भागात निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ विजेत सापडले तर नवल नाही. छोट्या संगणकाला ५ व्होल्टचा स्थिर दाब लागतो. मोबाईलचा जुना चार्जर लावला तर भार वाढताच दाब खाली जातो. तो ४.६३ व्होल्टच्या आसपास उतरला की रास्पबेरी पायच्या पडद्यावर विजेचे चिन्ह चमकते. पडदा जोडलेला नसल्यास ते कोणालाच दिसत नाही, आणि यूएसबीवरील उपकरणे मात्र अकारण जोडली-तुटली जाऊ लागतात. योग्य क्षमतेचा पुरवठा-संच घेणे, हा येथे खर्च नसून बचत आहे. अचानक वीज गेल्यास लेखन चालू असलेले मेमरी कार्डही बिघडू शकते. म्हणून लहानशी बॅटरी जोडून ठेवावी व आठवड्यातून एकदा नोंदींची प्रत दुसरीकडे घ्यावी.

घड्याळाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे व तो सहसा ध्यानात येत नाही. २०२३ पूर्वीच्या रास्पबेरी पायमध्ये वीज नसताना चालू राहणारे घड्याळ नाही. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीत ते आले, पण त्यासाठी वेगळी बॅटरी जोडावी लागते. वीज परत आल्यावर संगणक इंटरनेटवरून वेळ विचारतो. तेच बंद असेल तर शेवटी जतन केलेल्या वेळेपासून तो पुढे मोजू लागतो. तीन तास वीज गेली तर घड्याळ किमान तीन तास मागे राहते. आता या केंद्राच्या स्मृतीतील नोंदींवर तारीख-वेळ नसते, आधीच्या नोंदीनंतर किती मिनिटांनी ही नोंद झाली एवढेच असते. तारीख लावण्याचे काम संगणक आपल्या घड्याळावरून करतो. घड्याळ चुकले की सारा इतिहासच मागे सरकतो. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. सकाळी दहा वाजता पडलेली सर सात वाजताची म्हणून नोंदली गेली तर ती आदल्या दिवसात जमा होईल, आणि दोन्ही दिवसांचे आकडे चुकतील. नाणेबॅटरीवर चालणारे ‘डीएस-३२३१’ जातीचे घड्याळ-चकतीएवढे जोडउपकरण बसविल्यास हा दोष टळतो.

शून्य आणि रिकामी जागा

वरील बिघाड निदान उघडे पडतात. न उघडणारा बिघाड पर्जन्यमापकात असतो. पाने, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याचे जाळे वा गांधीलमाश्यांचे घर यांनी नळी तुंबली, तर जोडपात्र कलंडत नाही. पेटी चालू, तार चालू, संगणक चालू, आणि पावसाच्या रकान्यात नियमितपणे शून्य. हे शून्य खऱ्या शून्यासारखेच दिसते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा मापक तपासणे हाच त्यावर इलाज. तपासणी सहावी-सातवीच्या वर्गालाही करता येते. मापकाच्या तोंडाची लांबी व रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी. समजा ती ११ व ५ आली, तर क्षेत्रफळ ५५ चौरस सेंटिमीटर झाले. १० मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर पावसासाठी ५५ मिलिलिटर पाणी लागेल. तेवढे पाणी बारीक छिद्राच्या डब्यातून थेंबथेंब सोडावे. पात्र ३३ वेळा कलंडले पाहिजे. संख्या बरीच कमी भरली तर मापक समतल नाही किंवा कचरा अडकला आहे. तपासणीचे हे पाणी त्या दिवसाच्या पावसातून वजा करण्यास विसरू नये.

याउलट संपर्क तुटला असता पेटी तशी खूण नोंदीत ठेवते आणि चांगली प्रणाली त्या वेळेची जागा रिकामी सोडते. ही रिकामी जागा तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून शून्याने भरण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. शून्य लिहिल्यावर त्यांतील फरक पुन्हा कधीही काढता येत नाही.

बाहेरचा भाग पावसाची मोजणी चढत्या क्रमाने करीत राहतो, ही येथे मोठी सोय आहे. संपर्क तीन तास तुटला तरी तो परत येताच आधीच्या व आताच्या आकड्यांतील फरकावरून त्या काळातील एकूण पाऊस कळतो. मात्र तो शेवटच्या पाच मिनिटांत एकदम पडल्यासारखा दिसतो. अशा नोंदीवरून ‘ढगफुटी’चा निष्कर्ष काढण्यापूर्वी तिच्या अलीकडची जागा रिकामी आहे काय, हे पाहावे. बाहेरच्या बॅटऱ्या बदलताना ही मोजणी पुन्हा शून्यावर येऊ शकते. म्हणून बॅटऱ्या कोरड्या दिवशी बदलाव्यात आणि आधीचा आकडा कागदावर उतरवून घ्यावा.

त्यासाठी केंद्राशेजारी एक साधी नोंदवही दोरीने बांधून ठेवावी. तीत वीज केव्हा गेली, पेटी केव्हा गोठली, मापक कोणी व केव्हा साफ केला, हे तारीख-वेळेसह लिहावे. जवळच साधा काचेचा पर्जन्यमापक असल्यास सकाळी साडेआठचा त्याचा आकडाही त्याच पानावर घ्यावा. दोन आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत सलग दिसू लागली, की संगणकाकडे जाण्यापूर्वी शिडी घेऊन खांबाकडे जावे.