मांजरसुंब्याचा घाट आणि गाडीचा कणा

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की वीसेक किलोमीटरवर बालाघाटाची कडा आडवी येते. गाडी वळणे घेत वर चढते आणि पठारावर पोचते न पोचते तोच मांजरसुंबा लागते. धुळे-सोलापूर महामार्ग आणि जामखेड-पाटोद्यावरून केज, अंबाजोगाई, लातूरकडे जाणारा रस्ता ह्यांचा हा चौक. कुणी कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालेला असतो, कुणी अंबाजोगाईला योगेश्वरीच्या. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेली कुटुंबे भांड्याकुंड्यांसह ह्या रस्त्यांनी जिल्ह्याबाहेर पडतात. अशा चौकात माणसे चहासाठी थांबतात आणि गाड्या मिस्त्रीसाठी थांबतात.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक. गाडीच्या पोटात काय चालते ह्याच्याशी त्याचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे तो भाषेचा. मिस्त्री लोक गाडीविषयी बोलतात ते घरातल्या आजारी माणसाविषयी बोलावे तसे. गाडी ‘धाप टाकते’, ‘झटका खाते’, ‘पाय ओढते’. क्राऊन ‘गातो’ आणि क्रॉस ‘मरतो’. ही भाषा नुसती गमतीची नव्हे. तिच्यातला प्रत्येक शब्द एकेका दुखण्याचे नाव आहे, आणि ते ज्याला कळले त्याचा घाट सुखाने उतरतो.

आधी ह्या शरीराची ओळख करून घेऊ. बैलगाडीत बैल जूं ओढतो आणि चाक आपले आखाभोवती फिरत राहते. चाकाला कुणी फिरवावे लागत नाही. मोटारीत मात्र इंजिनाची फिरकी चाकापर्यंत पोचवावी लागते. इंजिनापासून क्लच, क्लचपासून गिअरबॉक्स, तिथून एक लांब नळीसारखा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, आणि तो जाऊन मिळतो मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या गोल पेटीला. त्या पेटीत क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाके असतात. ती फिरकीला काटकोनात वळवून दोन्ही चाकांना वाटून देतात. चारही चाकांनी ओढणारी गाडी असेल तर गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी येते आणि तिथून दुसरा दांडा पुढच्या आसाकडे जातो. हा सारा मिळून गाडीचा कणा.

आपल्याकडे हा चौचाकी कणा घरोघरी माहीत झाला तो जीपमुळे. अमेरिकन सैन्यासाठी १९४० साली जिचा पहिला नमुना तयार झाला, ती गाडी महायुद्ध संपल्यावर शेतावर आणि कचेरीत आली. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे तहसीलदाराची जीप, पाटबंधारे खात्याची जीप, निवडणुकीची जीप अशी तिची नाना रूपे मराठवाड्याने पाहिली. आज तिची जागा पिकअप गाड्यांनी घेतली आहे. पुढे चार माणसे, मागे कांद्याची पोती. पावसाळ्यात काळ्या रानात रुतू नये म्हणून काहीजण चौचाकी ओढीची पिकअप घेतात.

आता अडचण अशी की इंजिन आणि गिअरबॉक्स सांगाड्याला बांधलेले, तर मागचा आस कमानींवर वरखाली नाचणारा. मग मधला दांडा सरळ राहणार कसा? ह्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हासारखा एक लोखंडी तुकडा बसवतात. तोच क्रॉस. ह्या सांध्याला पाश्चात्त्य लोक सोळाव्या शतकातल्या कार्डानो ह्या इटालियन पंडिताचे नाव देतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. आणि १९०३ साली अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी त्याचे पेटंट मिळवले.

ह्या सांध्यात एक खोड जन्मजात आहे. तो वाकून फिरू लागला की पलीकडची फिरकी एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. वाक १० अंशांचा असेल तर फरक शेकडा दीडच्या आसपास, म्हणजे जाणवण्याजोगा नाही. वाक २० अंशांवर गेला की अलीकडे १०० ची गती असताना पलीकडे ती ९४ आणि १०६ ह्यांच्यामध्ये हेलकावे खाते. ह्यावर तोड म्हणजे दुसऱ्या टोकाचा क्रॉस. दोन्ही टोकांचे वाक सारखे असतील आणि दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असतील, तर पहिल्याने केलेली खोडी दुसरा निस्तरतो. संसारासारखेच आहे म्हणा ना. दोघांचे वाकणे सारखे असले की गाडी गुळगुळीत चालते.

हे सर्व पुस्तकात वाचून समजले असते की नाही कोण जाणे. समजले ते चौकातल्या एका मिस्त्रीच्या टपरीवर. माझी बस यायला अवकाश होता. एक तरुण शेतकरी आपली चौचाकी पिकअप घेऊन आला. गाडी देखणी होती; पण मूळच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. कमानींच्या मागच्या टोकांना लांब शॅकल घातलेले, पाटे वाढवलेले आणि खाली भलेमोठे टायर. अलीकडे ही हौस शहरातून खेड्यापर्यंत पोचली आहे. गाडी उंच असली की रुबाब वाढतो आणि ओढ्यातले दगड पोटाला लागत नाहीत, हेही खरे.

“काका, मागचा क्रॉस पुन्हा गेला. नवा टाका अन् मोकळं करा. घरचे वाट बघायलेत,” तरुण म्हणाला.

“ह्या वर्षातला कितवा?”

“तिसरा.”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “क्रॉस मरतोय ते सगळ्यांनी बघितलं. कशानं मरतोय ते कुणीच बघितलं न्हाई.”

गाडी किती वेगाला थरथरते, हे त्याने विचारले. पन्नासच्या पुढे, असे उत्तर आले. थरथर गिअर बदलला तरी तशीच राहते, गाडीच्या वेगाबरोबरच वाढते, म्हणजे दुखणे गिअरबॉक्सच्या मागे आहे, हे त्याने ताडले. मग सपाट जागेवर गाडी घेऊन, चाकांना दगड लावून तो खाली शिरला. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची लाल पूड जमली होती. आतल्या सुया कोरड्या पडल्याची ती खूण. दांडा हाताने मागेपुढे फिरवला तेव्हा ‘टक्’ असा आवाज आला. गाडी उचलताना ऐकू येतो तोच हा आवाज.

त्यानंतर त्याने मला खाली वाकून दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अशी की दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत नव्हते. मधला सरकता जोड मागे कुणीतरी उघडून पुन्हा बसवताना एका दात्याने चुकला होता. उघडण्यापूर्वी खडूची एक रेघ ओढली असती तर हे टळले असते. दुसरी गोष्ट अधिक मोठी. लांब शॅकलमुळे कमानीचे मागचे टोक खाली गेले, कमान तिरपी झाली आणि तिच्यावर बसलेला आसही फिरला. पिनियनचे तोंड वर वळले. पुढच्या टोकाचा वाक एक, मागच्याचा दुसरा. मग एकाची खोडी दुसऱ्याने निस्तरायची कशी? शिवाय गाडी उंचावल्याने दांडा जवळजवळ पुरेनासा झाला होता. सरकत्या जोडात पकड उरली होती ती बोटभर.

“उंच केली गाडी,” मिस्त्री म्हणाला, “पण दांड्याला कुणी विचारलं का, तू पुरतो का म्हणून?”

टायरचेही तसेच. २८ इंच उंचीच्या टायरऐवजी ३१ इंचांचा घातला की एका फेऱ्यात गाडी शेकडा दहा-अकराने जास्त पुढे जाते. वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. चढावर मात्र तिची ओढ कमी पडते, चालक क्लच अर्धा दाबून वेळ मारून नेतो आणि क्लच जळतो. ह्यावर खरा उपाय क्राऊन-पिनियनच्या दात्यांचे प्रमाण बदलण्याचा. आणि चौचाकी गाडीत ते बदलायचे तर पुढचे आणि मागचे दोन्ही. एकच बदलले तर पुढची चाके एका चालीने आणि मागची दुसऱ्या चालीने फिरू पाहतील आणि मधला कणा पिळवटून निघेल. कोरड्या डांबरी रस्त्यावर चौचाकी ओढ लावून वळणे घेतली तर साध्या गाडीतही हेच होते, कारण वळणावर पुढच्या चाकांची वाट लांब असते. चिखलात चाक थोडे घसरून पीळ सुटतो. डांबरावर सुटत नाही. म्हणून चौचाकी दांडी चिखलासाठी आहे, रुबाबासाठी नाही.

एवढे रामायण एका थरथरीसाठी कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर पलीकडच्या घाटात आहे. उतारावर शहाणा चालक खालचा गिअर टाकतो. मग इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेकला विसावा मिळतो. पण मागचा दांडा तुटला की इंजिन आणि चाके ह्यांचे नाते संपले. गिअर कुठलाही असो, गाडी मोकाट. एक आस तुटला तरी तेच, कारण पेटीतले दाते सारी फिरकी तुटक्या बाजूला सोडून देतात. दांड्याचे पुढचे टोक निसटले तर ते रस्त्यात रुतण्याचेही भय असते. जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये तर हाताचा ब्रेकही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, दांड्याच्या मुळाशी असे. दांडा गेला की तोही निकामी. अशा वेळी जाणता चालक पायाचा ब्रेक दाबतानाच पुढच्या चाकांची दांडी ओढून घेई. मग पुढचा दांडा इंजिनाशी जोडला जाऊन गाडीला आवर बसे. मागे बसलेल्या आठ-दहा जिवांचा भार अखेर मूठभर आकाराच्या एका क्रॉसवर असतो, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

त्या तरुणाला मिस्त्रीने तीन गोष्टी सांगितल्या: नवा क्रॉस आज घाल, काटे मी रेषेत बसवून देतो, आणि मूळचे शॅकल, पाटे व टायर परत बसवल्यावाचून घरच्यांना घेऊन घाट उतरू नको. तरुणाचा चेहरा उतरला. उंचीवर त्याने चांगले पैसे घातले होते.

“आस फिरवायला पाचर ठोकून देतो म्हणशील तर येतं मला,” मिस्त्री म्हणाला. “पण मग दांडा नवा, मग ब्रेकची नळी लांब, मग क्राऊन. एक उचललं की सगळं उचलावं लागतंय, भाऊ.”

तरुण थोडा वेळ गाडीभोवती फिरला आणि मूळचे पाटे घरी गोठ्यात पडले आहेत, असे हळूच म्हणाला. मिस्त्री हसला आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

कायदाही मिस्त्रीच्याच बाजूला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. पण कायद्याआधी गाडी स्वतःच सांगत असते.

तेव्हा सुटीत भाड्याची जीप घेऊन देवदर्शनाला निघणाऱ्या, किंवा घरच्या गाडीने गावी जाणाऱ्या कुटुंबांनी काय करावे? फार नाही. गाडी उभी होती तिथे तेलाचा डाग पडला आहे का, ते पाहावे. चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळले असेल तर ते ब्रेकमध्ये शिरते. कित्येकदा आसावरचे हवेचे बारीक भोक चिखलाने बुजल्यामुळेच तेल असे बाहेर पडते. गाडी उचलताना ‘टक्’ होते का, ते ऐकावे. ओढताना घूं आणि पाय सोडताच दुसराच सूर, असे असेल तर क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवावे. वळणावर आवाज बदलला तर चाकाचे बेअरिंग. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर पेटीतले तेल पाहून घ्यावे. ते दुधट दिसले तर आत पाणी गेले आहे. आणि चालक म्हणाला, ‘गाडीला सवयच आहे ती,’ तर घाट लागण्यापूर्वीच चौकात थांबून मिस्त्रीला दाखवावे. त्यात अर्धा तास जातो.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, बॉनेटला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ते करावेच. मात्र त्याच दिवशी गाडीखाली वाकून क्रॉसच्या निपलमध्ये ग्रीसचे चार हात मारले, तर पूजा तिथपर्यंत पोचली असे म्हणता येईल. बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय आपले आजोबा गावाबाहेर पडत नसत.